आईच्या बदलीचा भात

सरकारी माणसाची बदली काही वर्षांनी होते, आमच्या आईची दर महिन्याला होते. महिन्याचा शेवटचा रविवार आला की मोठा भाऊ नांदेडहून गाडी घेऊन लातूरला येतो, नाहीतर मी तिला आणायला नांदेडला जातो. एक महिना दादाकडं, एक महिना माझ्याकडं. वडील गेले तेव्हा कंधारजवळच्या आमच्या गावात, तेराव्याचं जेवण उरकल्यावर, आम्ही दोघा भावांनी शेत वाटलं, बैल विकायचे ठरवले आणि मग आईकडं बघितलं. ती सुपात तांदूळ घेऊन खडे काढत बसली होती.

"मला बी वाटा आता," ती म्हणाली, "पर मधून कापू नगा."

आम्ही हसलो. पाहुणेही हसले. आणि दिवे लागायच्या आत तिची वाटणी झालेली होती.

'बदली' हा शब्द माझा. मला विनोदी बोलता येतं असं माझं मत आहे. त्यावर घरात एकमत नाही. लातूरच्या मोंढ्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. तिथं शेतकरी माझ्या विनोदांना हसतात, पण त्यांना माल उधार पाहिजे असतो.

ज्या घरातून बदली व्हायची त्या घरानं त्या दिवशी जेवू घालायचं, अशी रीत पडली. मी घालतो ते जेवण वशाटाचं, म्हणजे मटणा-कोंबडीचं, कारण आईला दुसरं काही आवडत नाही. आमच्याकडं वशाट बाप्यांनी शिजवायचं आणि स्वयंपाकघराच्या बाहेर शिजवायचं, ही जुनी पद्धत. म्हणून घराच्या मागच्या ओट्यावर एक शेगडी, एक जर्मनचं पातेलं आणि पोटावर टॉवेल बांधलेला मी, असं आमचं खातं. ह्या एका कामात बायको मला अडवत नाही. भांडी मात्र माझी मलाच घासावी लागतात.

अलीकडं आईला मटण चावत नाही. कवळी केलेली आहे, पण ती तिनं डबीत ठेवलीय, लग्नाकार्यातल्या फोटोंसाठी. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीनं फोनवर उपाय सांगितला, "पप्पा, सॉसेज आणा. मऊ असतं, हाड नसतं. भातात टाका, सोबत राजमा टाका, एकाच भांड्यात होतं." मी मॉलमधल्या बर्फाच्या पेटीतून कोंबडीच्या सॉसेजचं पाकीट आणलं. आईनं ते हातात घेऊन खिडकीजवळ नेलं.

"कुण्या लेकराची बोटं तोडून आणलीस रे?"

राजमा तिनं नामंजूर केला. घोड्याला घाल म्हणाली. राजम्याच्या जागी गावची चवळी आली, टोमॅटोच्या सॉसच्या जागी काळं तिखट आलं, आणि लेकीच्या पाककृतीतली फक्त बोटं राहिली. पण पहिल्याच वेळेला आईनं दोन ताटं खाल्ली आणि तिसऱ्यांदा पातेल्यात वाकून बघितलं. तेव्हापासून बदलीच्या रविवारी हाच भात.

आता इथं वहिनीची ओळख करून द्यावी लागेल. वहिनीनं माळ घातलेली आहे. माळेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तिच्या घरचा नियम असा की वशाट खाल्लेल्या तोंडानं त्या दिवशी उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून यायचं. दादाचं नांदेडला हार्डवेअरचं दुकान आहे. तो ढाब्यावर जेवला की 'रात्री माल उतरवायचाय' म्हणून दुकानातच झोपतो. एवढा माल त्या दुकानात उतरतो तर तो जातो कुठं, हे वहिनीनं कधी विचारलेलं नाही.

वहिनी कधी भांडत नाही. तिचा आवाज देवाच्या कॅसेटसारखा आहे. आईला ती 'अहो आत्याबाई' म्हणते आणि आईचं ताट-तांब्या वॉशिंग मशीनच्या मागं वेगळं ठेवते, त्यावर नेलपॉलिशची खूण करून. एकदा आईनं वॉचमनला गाठून ऑम्लेट मागवलं. वहिनीला वास लागला. तिनं हसत हसत आईला उठवलं, जिन्यात खुर्ची टाकून बसवलं, खोली गोमूत्रानं पुसून घेतली आणि वाळेपर्यंत दार लावून घेतलं. येणारे जाणारे आईला विचारत होते, "आजी, चावी हरवली का?"

नियम कळल्यावर आईनं त्याचा उपयोग शोधला. बदलीच्या दिवशी ती वशाट मागायची. खाल्लं की दादाला तिला नेता यायचं नाही. तो हात हलवत परत जायचा नाहीतर माझ्याकडं मुक्काम करायचा. आईला एक दिवस जास्तीचा मिळायचा. आम्हाला सगळं कळत होतं, पण एका दिवसानं कुणाचं काय जातं म्हणून कुणी बोलत नव्हतं.

त्या महिन्यात मात्र जाणार होतं. माझ्या सासूबाई उदगीरला राहतात. त्यांचा मोतीबिंदू इतका पिकला होता की त्या चहात साखरेऐवजी मीठ घालायला लागल्या होत्या. लातूरला ऑपरेशन ठरलं. सोमवारी सकाळी त्या येणार आणि पुढं महिनाभर आमच्याकडं राहणार. आमच्या घरात जास्तीची खोली एकच, जिच्यात आई राहते.

"एक दिवस बी न्हाई," बायकोनं मला शनिवारी सांगितलं. "उद्या वरण-भात. तुमच्या बोटांचा भात पुढल्या खेपेला."

त्याच शनिवारी संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. मी दुकानाच्या पावत्या लावत होतो.

"आरं, ह्या टायमाला मला धाडू नगंस."

"का माय? तब्येत बरी न्हाई का?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. म्या आता तिकडं जात न्हाई. ह्या टायमाला बी न्हाई, पुढं बी न्हाई. हितंच कुठं बी पडते."

"बघू," मी म्हणालो.

'बघू' हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वापरलेला शब्द आहे. मला सगळ्यांना खूश ठेवायचं असतं, आणि त्या हौसेपायी माझ्या ओळखीचं एकही माणूस माझ्यावर खूश नाही. त्या रात्री मी एक युक्ती काढली. भात करायचा, पण सकाळी लवकर. दादा दुपारी येतो. त्याच्या आधी आईनं जेवून, चूळ भरून, सुपारी तोंडात टाकून बसायचं. नांदेडला कुणाला कळणार नाही. आईला भात, बायकोला खोली, दादाला आई. मी झोपेतसुद्धा माझ्यावर खूश होतो.

रविवारी चवळी आधी अर्धवट शिजवून घेतली. तिचं पाणी फेकायचं नाही, भाताचा सगळा जीव त्यात असतो. तेलात सॉसेजच्या चकत्या तांबूस करून बाजूला काढल्या. त्याच तेलात कांदा, ठेचलेला लसूण, टोमॅटो, काळं तिखट. मग चवळी, धुतलेला कोलम तांदूळ, चकत्या, आणि चवळीचंच उकळतं पाणी. वर झाकण, झाकणात पाणी, आणि आच इतकी बारीक की पेटलीय का विझलीय ते वाकून बघावं. आई ओट्याच्या दारात पोतं टाकून बसली होती.

"कांदा जाळलास."

"न्हाई माय, तांबूस केलाय."

"तुझा बाप बी असंच म्हणायचा. बरं, म्या काल काय म्हणाले त्याचं काय केलंस?"

"भात होऊ दे, मग बोलू."

"तू भात करून गप करायलास व्हय मला?"

मी झाकण उघडून बघितलं. त्याची गरज नव्हती.

आई जेवायला बसली आणि चौथा-पाचवा घास तिच्या तोंडात असताना दारात गाडी थांबली. दादा दोन तास आधी आला होता, आणि दादाच्या मागून पैठणी नेसलेली वहिनी उतरली. लातूरला तिच्या भाच्याचं लग्न होतं. तिथं पंगतीला वेळ लागतोय म्हणून ती न जेवताच उठून आली होती, आईला आज स्वतः न्यावं म्हणून. माझ्या बायकोनं पळत जाऊन मागचं दार लोटलं. पण त्या भाताच्या वासाला दार पुरत नाही.

वहिनी थेट आईसमोर येऊन उभी राहिली.

"अहो आत्याबाई, काय जेवताय? वशाट तर नाही ना? आज आपल्याला घरी जायचंय."

आता आई 'हाव' म्हणणार, मी मनात म्हटलं. 'हाव' म्हटलं की दादा रिकाम्या हातानं परत, सासूबाईंना पलंग नाही, आणि माझं काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आईनं घास गिळला.

"सोयाबीन हाय," ती म्हणाली. "ह्याच्या दुकानातलं."

माझ्या दुकानात जे सोयाबीन मिळतं ते लाल औषध लावलेलं बियाणं असतं. ते खाल्लं तर माणसाला दवाखान्यात न्यावं लागेल. पण वहिनीनं विश्वास ठेवला. ती खाली वाकली, ताटात बघितलं.

"हाड नाही, काही नाही. आता कायकाय निघतं हो सोयाबीनचं! दिसायला तर छान दिसतंय." मग बायकोकडं वळून, "मला पण वाढ गं थोडं. सकाळपासून पोटात काही नाही."

बायकोनं केलेलं वरण, भात, पोळी, भेंडीची भाजी झाकून तयार होती. बायको त्या झाकलेल्या भांड्यांकडं बघत राहिली. दादानं मागचं दार उघडून ओट्यावरच्या पातेल्यात एकदा डोकावलं. महिन्याभराचा माल उतरवणारा तो माणूस, त्याला काय ओळखायला वेळ लागणार? तो मागं सरला आणि पंखा किती जुना झालाय ते बघायला लागला. माझ्या हातात डाव होता. मी बोलायला तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं.

"आण इकडं," आई म्हणाली. गुडघ्यावर हात देत ती उठली. कित्येक वर्षांत तिनं कुणाला वाढलं नव्हतं. माझ्या हातातून डाव घेतला, ओट्यावरचं पातेलं आत ओढलं, वहिनीच्या ताटात भात घातला आणि पातेल्यात शोधून शोधून चकत्या वर ठेवल्या.

"खा बाई. पोटभर खा."

वहिनीचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही. "आज आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं वाढलं," ती दादाला म्हणाली. दादा पंख्याला 'हो' म्हणाला.

तिनं तीनदा भात घेतला. ती जेवत होती तेवढा वेळ आईनं घास उचलला नाही, नुसती बघत राहिली. बायकोनं मला ओट्यावर ओढलं.

"सांगा की तिला!"

"तू सांग."

"म्या कशाला? तुमची वहिनी, तुमचा भात."

"सांगितलं तर आज माय जात न्हाई."

बायकोच्या तोंडावर तिची आई येऊन गेली, काठी टेकत. मग ती आत गेली आणि वहिनीच्या ताटात लोणचं वाढलं.

जेवणं झाली. दादानं आईची बॅग डिकीत टाकली. आई चपला घालून गाडीपर्यंत चालत गेली, इतक्या निमूटपणे की मला हायसं वाटलं. माझी युक्ती चालली, थोडी वाकडी का होईना. मी दादाला टोलनाक्यांबद्दल काहीतरी सांगायला लागलो. वहिनी पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, त्या सोयाबीनचं एक पाकीट मला दे ना. घरी करीन. कुठं मिळतं गं ते?"

आईचा एक पाय गाडीत होता. तो तिनं बाहेर काढला.

"कोंबडीच्या अंगावर मिळतंय," ती म्हणाली.

वहिनी हसली. मग तिनं दादाकडं बघितलं, दादानं स्टिअरिंगकडं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडाला खोटं बोलणं जमत नाही, बोलणंच जमत नाही. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, बाकीची वहिनी त्याच्यामागून निघून गेली. दार उघडून ती गटारीपाशी गेली आणि वाकली. दादा मागून जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ गेलो तर तो दात दाबून हसत होता.

वहिनीनं तोंड पुसलं. गळ्यातली माळ दोन्ही हातांनी काढली, रुमालात गुंडाळली आणि पहिल्यांदा, आमच्या घराण्यात आल्यापासून पहिल्यांदा, ती ओरडली.

"थेरडे! सटवे! किडं पडतील तुझ्या तोंडात! माझ्या दारात पाय ठिवलास तर तंगडं मोडून हातात देईन!"

समोरच्या दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. आई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती.

"बघ," ती म्हणाली, "बोलाया येतंय की तुला."

"माझं मेलेलं तोंड बघशील, पर माझ्या घरात येणार न्हाईस तू!"

"न्हाई येत. सगळ्यांनी ऐकलं न्हवं? न्हाई येत म्या."

दादानं डिकी उघडली, बॅग काढली आणि माझ्या पायाशी ठेवली. त्याच्या डोळ्यांत हसण्याचं पाणी अजून होतं, पण आवाजात नव्हतं.

"आता तुझ्याकडंच. माझ्या घरात मला राहायचंय."

"अरे पण सोमवारी..."

"काय करत होतास रे तू तिथं? डाव तर तुझ्याच हातात होता."

गाडी गेली. वहिनी मागच्या सीटवर आडवी झाली होती, रुमाल छातीशी धरून. पुढं महिनाभर ती फक्त दूध-फळांवर राहिली आणि मग महाराजांकडून पुन्हा माळ घालून घेतली, असं दादा फोनवर सांगत होता. तेवढे दिवस तो दुकानातच झोपत होता. माल नव्हता.

घरात आल्यावर आईनं बॅग आपल्या खोलीत नेली, उघडली आणि लुगडी परत कपाटात लावायला सुरुवात केली. बायको हॉलच्या मधोमध उभी राहिली, फोनचा स्पीकर लावला, मुद्दाम, खोलीत ऐकू जावं म्हणून, आणि उदगीरला फोन केला.

"माय, उद्या येऊ नगंस."

"का गं? डॉक्टरनं तारीख फिरवली का?"

"जागा न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. भाड्याचं काय न्हाई, सांगून ठिवते जीपवाल्याला. एका डोळ्यानं दिसतंय की मला अजून. कुणाला काय बोलू नगंस हां. भांडू नगंस."

बायकोनं फोन ठेवला. खोलीत लुगड्यांची सळसळ थांबली होती. मग पुन्हा सुरू झाली.

मी सासूबाईंना हॉलमध्ये झोपवता येईल असं सुचवलं. ऑपरेशन झालेला डोळा, टीव्ही, धूळ, येणारी जाणारी माणसं, आणि दिवसभर आईची जीभ. बायकोनं ह्यातलं काहीच बोलून दाखवलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. लॉजवर खोली घेऊ म्हणालो. त्यावर तिनं बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या एकादशीला बायको देवळात गेली आणि गळ्यात माळ घालूनच आली. मी चहा पीत होतो. तिनं ओट्यावरची शेगडी उचलून माळ्यावर टाकली. जर्मनचं पातेलं भंगारवाल्याला दिलं, त्याच्या बदल्यात लसूण घेतला.

"ह्या घरात आता वशाट बंद," ती आईच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. "अंडं बी न्हाई. वासबी न्हाई. ऱ्हायचंय न्हवं? ऱ्हावा."

मला वाटलं आता आई बॅग काढेल. निदान आकांत करेल. आईनं मान हलवली आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

त्या दुपारी ती वरण-भात कालवत बसली होती. मी जवळ बसलो. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. हे दोन्ही मला एकदमच होतं, डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

"माय, तिथंबी वरण-भात आणि हितंबी वरण-भात. एवढं सगळं करून काय मिळवलंस?"

"तुला वाटलं म्या कोंबडीपायी केलं?"

"मग?"

तिनं घास तोंडात फिरवला. बिनदाताच्या माणसाला घास संपवायला वेळ लागतो.

"तिथं मला कुणी शिवीबी देत न्हाई रे," ती म्हणाली. "आत्याबाई, बसा. आत्याबाई, उठा. महिना महिना. भिंतीला बोलावं तर ती बी गोमूत्रानं पुसलेली."

स्वयंपाकघरात पोळी लाटायचा आवाज थांबला.

"शिव्या पाहिजेत व्हय?" बायको आतून म्हणाली. "आधी सांगायचं. लई हायत माझ्याकडं."

"दे की," आई मोठ्यानं म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "दे, पर आधी वरणात मीठ घाल. म्हशीला घालायचं आंबोण बी ह्याच्यापरीस चवीचं असतंय."

बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं मिठाची बरणी आणली नव्हती.

"माझी माय तिकडं भिंत धरून संडासला जायलीय," ती म्हणाली. ओरडली नाही. "काल उंबऱ्याला अडखळून पडली. भावानं फोन केलता, माय मला सांगू नगंस म्हणत होती म्हणं. तुम्हाला मीठ पाहिजे का? तिच्या डोळ्यातलं घ्या. लई खारट हाय."

मी दोघींकडं बघितलं. 'बघू' हा शब्द तोंडात आला होता, तो मी गिळला.

आईनं मीठ पुन्हा मागितलं नाही. तिनं अळणी भाताचा घास घेतला, हळूहळू फिरवला, गिळला. मग ताट पुढं सरकवलं. बायकोनं त्यात आणखी वरण वाढलं, तसंच, मीठ न घालता, आणि आई जेवत राहिली.